पत्त्यावरची बाईसाहेब

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमरावतीत कोण शहाणं राहिलं आणि कोण चळलं, ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढत होते आणि इकडे वऱ्हाडात माणसं बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होती. मग ती लढाई थांबली. भाव असा पडला की पेढ्यांना कुलपं लागली, आणि त्या पेढ्यांवर मान मोडून मोडी लिहिणारे कारकून रस्त्यावर आले. चांदीवाल्यांचं पुढे काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक, मला त्यांच्याशी देणंघेणं नाही. रस्त्यावर आलेल्यांत एक हरिहर होता, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोची, अनसूयेची आहे.

वर्षभर हरिहराने अमरावतीत उंबरे झिजवले. कुठे उद्या या, कुठे बघू, कुठे नुसती नकाराची मान. पण संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की त्याच्या तोंडावर त्यातलं काही दिसायचं नाही. घरात तेलाचा थेंब नसे. ज्वारीच्या कण्या मीठ घालून शिजवायच्या, एवढाच स्वयंपाक. तर हा गृहस्थ चुलीपाशी बसून तोंडाने 'चर्र' करायचा आणि म्हणायचा, "घे, झाली फोडणी. मोहरी जराशी जळली पाह्य आज."

अनसूया हसायची. पोटातून रडू यायचं, तरी हसायची. तो बिचारा हसवायला इतकी धडपड करी, की न हसणं म्हणजे त्याला आणखी एका दारातून परत पाठवणंच झालं असतं.

तीही काही हात बांधून बसणारी नव्हती. कापसाच्या गाड्या गेल्या की वाटेवरच्या बाभळींना पुंजके अडकून राहत. ते वेचून आणायची, सरकी काढून त्याच्या वाती वळायची आणि अंबादेवीच्या देवळापाशी विकायची. ब्राह्मणाची सून रस्त्यावर काटे चाचपते, म्हणून आळीतल्या चार बायका नाकं मुरडत. मुरडोत बापड्या. त्यांच्या घरी फोडणीला तेल होतं.

पुढे कोणीतरी सांगितलं, अकोल्यास आगगाडीचं काम निघालंय, साहेबांच्या कचेऱ्या बसल्यात, लिहिणारी माणसं हवी आहेत. राजेश्वराच्या देवळामागे केशवराव म्हणून हरिहराच्या वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे कारकून होते. त्यांच्या पडवीत पथारी टाकायची असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी अनसूया म्हणाली, "तुमची खबर कशी लागंल मले? पत्राच्या तिकिटाले पैसे नाहीत, अन् मले वाचता येत नाही."

हरिहराला असल्या अडचणी आल्या की उलट हुशारी चढायची. तो म्हणाला, "बैरंग टाकतो."

बैरंग म्हणजे बिनतिकिटाचं पत्र. घेणाऱ्याने दुप्पट पैसे मोजायचे. नको असेल तर घेऊ नये, मग ते आल्या वाटेने परत जातं.

"घ्यायचंच नाही," हरिहर म्हणाला. "डाकवाल्याले फक्त पत्ता वाचाले लाव. अनसूयाबाई असं लिहिलं असलं, तर समज मी खुशाल आहे, काम शोधून राहिलो. अन् अनसूयाबाईसाहेब लिहिलं असलं, तर नोकरी लागली. गाडी पाहायची अन् निघून यायचं. आत काहीच लिहीत नाही मी, कोराच कागद."

"अन् काही वाईट असलं तर?"

"वाईट असलं तर मी पत्र कशाले टाकतो? चालत येतो ना घरी."

वाईटाला त्याने खूणच ठेवली नाही. असा माणूस. अनसूयेलाही तेव्हा ते बरंच वाटलं.

तो गेला. दर पंधरा-वीस दिवसांनी डाकवाला शालिकराम दारात यायचा आणि पत्र डोळ्यांपुढे धरून वाचायचा, "सौभाग्यवती अनसूयाबाई." ती म्हणायची, "नको बापा, परत ने." पहिल्या दोन वेळा तो चिडला. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं, पण माणूस भला, बोलला काही नाही. पाचव्या वेळी तर दुरूनच म्हणाला, "वहिनी, अनसूयाबाईच हाय हो," आणि आल्या पावली फिरला. ती आत जाऊन कण्या शिजत घालायची. खुशाल आहे ना, मग झालं. त्या दिवशी वातीसुद्धा भराभर वळल्या जायच्या.

सहावं पत्र आलं तेव्हा होळी होऊन गेली होती. शालिकरामाने पत्ता वाचला आणि थांबला. परत वाचला. "सौभाग्यवती अनसूयाबाईसाहेब."

तिने दाराची चौकट धरली. "नीट पाह्य बापा. साहेब हाय?"

"साहेबच हाय. अक्षरबी आज मोठं वळणदार आहे."

"नोकरी लागली म्हणजे अक्षरही सुधरते," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. पत्र तिने परत दिलं. कोऱ्या कागदाला कोण पैसे देतो?

खरं तर त्याच दिवशी निघायला हवं होतं. नत्थुजी गाडीवान कापूस घेऊन दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघणारच होता, त्याची बायकोही सोबत होती. पण अनसूयेच्या मनात आलं, नवी नोकरी, चार मोठी माणसं ओळखीची झाली असतील, आपण ठिगळाच्या लुगड्यात जाऊन उभं राहायचं? आणि रिकाम्या हाताने? आता तिला काय म्हणायचं तुम्ही? वर्षभर जिने हौस म्हणून काही केलं नव्हतं, तिने आठ दिवस हौस केली. साठवलेल्या सगळ्या वाती विकल्या. हरभऱ्याची डाळ आणली, दळली, शेजारणीकडून वाटीभर तूप मागून आणलं आणि लाडू केले. एक दिवस लुगडं मिळवण्यात गेला, एक दिवस चोळी शिवण्यात, एक दिवस आळीत सगळ्यांचा निरोप घेण्यात. नाकं मुरडणाऱ्यांच्या घरी तर दोनदा गेली. नत्थुजी अकोल्याची खेप टाकून परत आला आणि पुन्हा कापूस भरून निघाला, तेव्हा त्याच्या गाडीत बसली.

वाटेत तिचं तोंड एक घडी बंद नव्हतं. मूर्तिजापूरच्या मुक्कामात नत्थुजीच्या बायकोला तिने सांगितलं की यांना चेष्टेची भारी सवय, कचेरीत साहेबासमोर काही बोलून बसले नाही म्हणजे मिळवली. तेवढीच एक काळजी तिला त्या सगळ्या वाटेवर होती.

केशवरावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारे मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, काळात कचेरीत वाढलेले, अदब अंगात मुरलेली, न्हाव्यालाही 'आइये साहेब' म्हणणारे. त्यांनी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि समोर उभेच राहिले.

"आलात तुम्ही," ते म्हणाले.

"पत्र पोचलं ना. म्हणून तर आले. कचेरीतून केव्हा येतात?"

"कचेरीतून?"

"हो, नोकरी लागली ना त्यांना."

केशवराव तिच्यासमोर खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं, की हरिहराला नोकरी लागली नव्हती. माघापासून अंगात ताप होता, त्या तापातही दारं ठोठावत होता. फाल्गुनात अंथरुणाला खिळला. त्याच्याने लिहवेना, तेव्हा केशवरावांना म्हणाला, तिला लिहा, ये म्हणावं. केशवरावांनी लिहिलं. मुद्दाम बैरंग टाकलं, कारण पैसे यायचे असतात म्हणून डाकवाले बैरंग हमखास पोचवतात.

"आणि परक्या घरची लक्ष्मी," ते म्हणाले, "नुसतं बाई कसं लिहायचं? मी बाईसाहेब लिहिलं. मला काय ठाऊक, बाईसाहेब."

ते पत्र परत आलं. केशवरावांना वाटलं, घर सोडून माहेरी गेली असेल. हरिहराने पत्र हातात घेतलं, पत्ता वाचला आणि हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. मग त्याने खुणेची गोष्ट सांगितली.

"मी म्हटलं, आत्ता माणूस धाडतो अमरावतीला. तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, नका धाडू. आता ती लाडू करून राहिली असंल, आळीभर सांगून राहिली असंल. मी उठलो तर हसत सांगीन तिले. नाही उठलो, तर जितके दिवस आनंदात हाय तितके राहू द्या." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "परवा सकाळी गेले. शुद्धीवर होते शेवटपर्यंत."

अनसूया रडली नाही. तिने विचारलं, "पत्र परत आल्यावर किती दिवस होते?"

"सात-आठ दिवस असतील."

त्यातला एक दिवस डाळीचा, एक तुपाचा, एक चोळीचा. ती तिथे बसून एकेक दिवस आठवत राहिली. कधी नव्हे तो तिला नवऱ्याचा राग आला. जन्मभर त्याने तिच्यासाठी हसण्याचं सोंग केलं, आणि जातानाही तेच केलं. हक्काचं रडणंसुद्धा तिला वेळेवर मिळू दिलं नाही.

"माणूस धाडला असता तुम्ही," ती म्हणाली, "तर रात्रंदिवस चालत आले असते मी. काहून ऐकलं त्यांचं?"

"ते म्हणाले, आनंदात राहू द्या."

"मले आनंद कोणी मागितला होता? मले त्यांच्या तोंडात दोन घोट पाणी घालायचं होतं."