फुगवट्यावरचं शीड

रॉबिन गेल्यापासून फेथ एकदाही रडली नव्हती, आणि हे आपल्यामुळे झालं हे येशुदास मास्तरांना पुरतं ठाऊक होतं.

रॉबिन त्यांचा एकुलता एक मुलगा, फेथचा नवरा; फौजेत होता. मार्चमध्ये डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. पेटी शिरूरला आली तेव्हा सगळं गाव मिशन कंपाउंडात लोटलं होतं. फेथनं पेटीवर हात ठेवला, हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रडायचं नाही, बाळा. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. लोक बघतायत."

चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ पडले ना! ख्रिस्ती घराची साक्ष द्यायची होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोकांनी माना डोलावल्या, पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशात या घराचा दाखलाही दिला. सुनेनं मात्र तोंड मिटलं ते मिटलंच. दवाखान्यात ड्युटीला जायची, घरी भाकऱ्या थापायची, कुणी काही बोललं तर हसायचीसुद्धा. ताटातलं अन्न तेवढं तसंच राहायचं.

"पोर आतल्या आत करपतीय," लिडियाबाई नवऱ्याला म्हणायच्या. "तुम्हीच कुलूप घातलंय, तुम्हीच काढा."

मास्तरांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बोलणं घसरून गवारीच्या भाजीवर आलं.

आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी, उपासना आटोपून घरी आल्यावर फेथ म्हणाली, "पप्पा, मला धरणावर न्याल? फळी काढायची आहे."

फळी म्हणजे रॉबिनची शिडाची फळी. उभं राहून शीड हातात धरायचं आणि वाऱ्यानं नेईल तसं पाण्यावरून जायचं, हा खेळ तो पलटणीत शिकला होता. पाऊस संपून घोड धरण भरलं की दर वर्षी सुट्टी काढून यायचा आणि फुगवट्यावर, भिंतीमागं पसरलेल्या पाण्यावर, ऐन दुपारी शीड उभारायचा. गेली दोन वर्षं बायकोलाही शिकवत होता. काठावरचे शेतकरी पाण्याच्या मोटारी चालू करायचं सोडून बघत बसायचे.

"एकटी जाणार पाण्यात?" लिडियाबाईंनी नवऱ्याला आत बोलावून विचारलं. "आन् परत नाही आली तर?"

मास्तरांनाही तीच भीती होती. पण तिला पुन्हा 'नाही' म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

मच्छिंद्रच्या पिकअपमध्ये फळी घातली. मच्छिंद्र मास्तरांचा जुना विद्यार्थी, त्याचं रान पाण्याला लागूनच. दुपारी काठावर पोचले तेव्हा ऊन चटकत होतं आणि वारा समोरून, पाण्याकडून येत होता. फेथनं रॉबिनचं नारिंगी जाकीट चढवलं. ते तिला ढगळ होत होतं. पट्टे आवळून तिनं फळी पाण्यात लोटली, दोरी ओढून शीड उभं केलं आणि तिरकी तिरकी निघाली.

चांगली जात होती. मास्तर काठावर उभे राहून बघत होते. मनात प्रार्थना सुरू केली, तर शब्दच पुढं सरकेनात.

निम्म्या पाण्यात शीड आडवं झालं आणि फेथ दिसेनाशी झाली.

"मास्तर, होडी काढू का?" मच्छिंद्रनं चपला काढल्याही.

तेवढ्यात नारिंगी जाकीट वर आलं. ती फळीवर चढली. पण दोरीला काही हात घालीना. गुडघ्यात डोकं घालून नुसती बसून राहिली, आणि वाऱ्याबरोबर एक आवाज काठावर आला. आधी मास्तरांना तो टिटवीचा वाटला. मग मोठा झाला, तुटला, पुन्हा आला. सात महिन्यांचं सगळं ती त्या पाण्यावर मोकळं करत होती, कारण तिथं कुणी बघणारं नव्हतं.

"रडत्यात वयनी," मच्छिंद्र हळू म्हणाला. "रडू द्या. बरं झालं."

मास्तरांना हलकं वाटलं. देवानं आपली चूक पोटात घातली, असंही वाटलं. वाऱ्यानं फळी आपोआप काठाकडे ढकलत आणली तोवर आवाज थांबला होता. ते बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरले. आज तिला जवळ घ्यायचं आणि म्हणायचं, रड बाळा, पोटभर रड.

फेथ फळीवरून उतरली. डोळे सुजले होते. समोर मास्तर दिसले तशी ती दचकली आणि घाईघाईनं तिनं ओल्या बाहीनं तोंड पुसलं.

"नाही हं पप्पा," ती म्हणाली. "रडले नाही मी. पाणी गेलं डोळ्यांत."

मास्तरांनी तिच्याकडे हात पुढं केला.  ते तसेच पाण्यात खाली बसले आणि मच्छिंद्रच्या देखत, लहान पोरासारखे ओक्साबोक्शी रडू लागले.