रक्तचंदनाची गोरी बाहुली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बाहुली आहे. अंग रक्तचंदनाचं, म्हणून रंग काळपट तांबडा. एकाच ओंडक्यातून सुताराने मला आणि माझ्या यजमानांना कोरलं. तमिळ मुलखात अशा जोडीला मरप्पाची म्हणतात. आई ती लेकीला लग्नात देते, आणि नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या की सर्वांत वरचा मान आमचा. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

तंजावरच्या मराठी घरातली लेक प्रतिमा लग्न होऊन अमेरिकेत ईडन प्रेरीला आली, ती आम्हाला साडीत गुंडाळून घेऊनच. तिथे आमच्या पायऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या, वर पांढरं धोतर. तिची लेक दीपा आम्हाला कपडे शिवायची आणि मला कुशीत घेऊन झोपायची.

दीपा तिसरीत गेली त्या वर्षी, १९८५ साली, वर्गातल्या एका मुलीने तिला विचारलं की तुझा रंग धुतला की जातो का. दीपा घरी येऊन साबणाने हात घासत बसली. नवरात्र बसलं त्या दुपारी तिने आम्हा दोघांना गॅरेजमध्ये नेलं आणि डबीतला फिकट गुलाबी ऑइलपेंट माझ्या तोंडाला फासला. शेजारी यजमान आपल्या मूळ रंगात उभे. शरमेने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

प्रतिमा आली आणि पाहतच राहिली.

"आई, मी तिला फिक्स केलं," दीपा म्हणाली. "आता तिला कुणी डर्टी म्हणणार नाही."

प्रतिमाचा चेहरा पडला. दर रविवारी लेकीच्या तोंडाला बेसन आणि साय चोळत, "जरा उजळ दिसशील," असं तीच तर म्हणायची. ती खाली बसली आणि लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "हे तू माझ्याकडूनच शिकलीस."

मग तिने सँडपेपर घेतला. रंग कोरीव रेघांत मुरला होता. तो निघाला, पण माझे नाक-डोळेही त्याच्याबरोबर गेले.

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. सुंदल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खाताना लता काकूंचं लक्ष वर गेलं. हिचा चेहरा कुठे गेला, असं त्यांनी विचारलं. दीपा आईच्या पदराआड सरकली.

"मी पुसला," प्रतिमा मान खाली घालून म्हणाली.

सर्वांत वरच्या पायरीवर मला तोंड लपवायला जागा नव्हती. प्रतिमालाही नव्हती.

मित्रांनो, बाहुल्यांची धूळ झटका, त्यांना कपडे शिवा. त्यांचा रंग मात्र सुधारायला जाऊ नका. लाकूड एक वेळ पुन्हा कोरता येईल. पण मनाचं तसं नाही, म्हणून धाकट्या बहिणीला गमतीनेही काळी म्हणू नका. ती ऐकते, आणि खरं मानते.