माधुरीताईंचा टिळा

सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये योगेशचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. प्रोग्राम तपासायचं काम माधुरीताईंचं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, अमावस्या, सगळे उपास पाळणाऱ्या बाई. आवाज इतका मऊ की चूक दाखवली तरी कुणाला राग येत नसे.

सत्त्याण्णव साली बेलापूरजवळच्या एका वस्तीवरच्या डेअरीसाठी प्रोग्राम झाला, तेव्हा ताईंनी युक्ती काढली. दर आकड्याला तीच चाचणी पुन्हा कशाला लिहायची? चाचणी एकदाच लिहायची आणि तिच्या वर टिपणीच्या ओळीत एक खूण करून आकडे मांडायचे. एरवी टिपणीकडे मशीन बघतही नाही. पण ताईंनी लिहिलेला छोटा प्रोग्राम ती खूण हुडकायचा आणि एकेक आकडा घेऊन तीच चाचणी चालवायचा. त्या खुणेला त्या टिळा म्हणायच्या. बिनटिळ्याची चाचणी त्यांना बघवत नसे.

"एवढ्या थाटापेक्षा हातानं तपासलं असतं, ताई," योगेश म्हणाला.

"हातानं करताना माणूस विसरतं," ताई ठसक्यात म्हणाल्या. ठसका त्यांना शोभत नसे, तरी म्हणाल्या.

डेअरीने महिनाभर वापरून बघायचं आणि अडलं तर मशीन परत, असं ठरलं होतं. ऑफिसला दुसरं मोठं काम नव्हतं. अमावस्येला सकाळीच डेअरीच्या सचिवांचा, छगनरावांचा फोन आला. "मॅडम, मशीन गप बसलंय."

दोघं एसटीनं पोचले. पडद्यावर एकच तक्रार होती: शून्याने भागता येत नाही.

"आज दूध किती आलं?" योगेशनं विचारलं.

"आज आमावस्या हाय. आज डेअरीला कोन घालतंय? घरोघर खीर."

"मग हिशेब लावून दिवस बंद कशाला केलात?"

"तुमीच म्हनलात, रोज करायचा."

लिटर शून्य, आणि फॅटची सरासरी काढायला मशीन त्या शून्यानेच भागत होतं. योगेशनं चाचणी उघडून टिळा वाचला. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक.

"ताई, हे दूध आहे का आहेर?"

ताईंचे कान तापले. शून्यावर संपणारा आकडा त्यांच्या हातून उमटतच नसे. मग नव्या कामाच्या कपाळी नुसतं शून्य कुठून येणार? आणि आज अमावस्या आहे हे जगात कुणाला ठाऊक असेल तर ते त्यांच्या रिकाम्या पोटाला.

"उपास मी करायचे," त्या पुटपुटल्या, "आणि मशीनला मात्र रोज पोटभर जेवू घालायचे."

त्यांनी टिळ्यात शून्य लिहिलं. चाचणी लगेच नापास झाली. दूधच नसेल तर सरासरी काढायची नाही, एवढी दुरुस्ती योगेशनं केली, तेव्हा ती पास झाली. छगनरावांनी दिवस बंद करून पाहिला.

"ऱ्हाऊ द्या मशीन," ते म्हणाले. "पर आमचे आनखी सनवार हायेत बरं का."

"टिळा चांगला आहे, ताई," योगेश म्हणाला. "तो तुम्हीच लावा. आकडे मात्र आता मी घालणार." आणि त्यानं पहिलाच आकडा घातला, उणे एक.

"उणे दूध कोण घालतं?"

"बोट चुकलेला माणूस."

ताईंनी डोळे मिटले, मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. मशीननं उणे एक लिटर दूध आनंदानं जमा करून घेतलं.

"बघा," योगेश म्हणाला.

ताई खुर्ची पुढे ओढून बसल्या.