पिवळ्या कापडावरचा हात

हुडको वसाहतीतल्या आमच्या ग्राहक सहकारी भांडाराच्या आमसभेला एरवी माणसं गोळा करताना समितीच्या नाकी नऊ येतात. त्या रविवारी मात्र हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कारण कार्यक्रमपत्रिकेत ‘वर्षाचा आढावा’ या विषयाच्या वर एक नवा विषय चढवला होता: ‘हल्दीबाबांचे आशीर्वचन व दोषशोधन’. भांडाराचं वर्ष वाईट गेलं होतं आणि कुणाच्या दोषानं वाईट गेलं, हे जवळच्या कुम्हारी गावाहून आलेले बाबा शोधून काढणार होते.

समोर दोन टेबलं जोडून त्यावर हळदीत भिजवलेलं लांबलचक ओलं कापड पसरलं होतं. बाबा पन्नाशीचे, भगव्या कुडत्यातले, मनगटावर सोनेरी घड्याळ. वाणी रसाळ. “ये कपड़ा नहीं, माँ का आँचल है,” ते म्हणाले, “और माँ झूठ नहीं बोलती. जिसके हाथ में दोष, उसके हाथ में खून.” आईचा हा पदर सकाळी आमच्याच भांडारातल्या हळदीच्या पाकिटांतून रंगला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी दोनशे माणसांनी हात जोडले.

मग बाबांनी हुकूम सोडला. सकाळी भांडाराची पाकिटं भरून आलेल्यांनी हात धुवायचे नाहीत, मेहनतीचा हात पवित्र असतो. तंबाखू मळणाऱ्यांनी मात्र आधी चांगले खसखसून धुऊन यायचं, नशेचा हात देवीला चालत नाही. अर्धे पुरुष मुकाट्यानं नळाकडे गेले. त्यांना वाटलं, बाबा व्यसनमुक्तीचंही काम करतात.

ओळ लागली. एकेक जण कापडावर तळवा दाबायचा, उचलायचा, आणि कापड पिवळंच पाहून सुटकेचा श्वास सोडायचा. पंचवीस-तीस माणसं गेली. मग शकुबाईनं हात ठेवला. तिनं तो उचलला तेव्हा कापडावर पाचही बोटांसकट तळवा उमटला होता, लालभडक.

लोक मागे सरकले आणि तिच्याभोवती रिकामं रिंगण पडलं. मागून कुणीतरी हलक्या आवाजात ‘टोनही’ म्हणालं. आमच्या छत्तीसगढात चेटकिणीला टोनही म्हणतात. कुणा बाईला तसं म्हणणं इथं कायद्यानं गुन्हा आहे, पण हॉलमध्ये त्या वेळी कायदा कुणालाच आठवला नाही. शकुबाई आपल्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनं तो पदराखाली झाकला आणि ती मागच्या दारानं निघून गेली.

ही शकुबाई कोण, ते सांगायला हवं. तिचा नवरा गोंदियाकडून इथं पोलाद कारखान्यात कामाला आला आणि सहा वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून ती भांडारात पाकिटं भरायचं काम करायची. आमच्याकडे पहिल्या वर्षापासूनची रीत आहे: आमसभेच्या सकाळी प्रत्येक सभासदाची पिशवी सभासदांनीच भरायची. एका टेबलावर साखर, एकावर चहा, एकावर तूरडाळ आणि शेवटच्या टेबलावर धुण्याचा सोडा. सोड्याच्या टेबलावर कुणी बसायला तयार नसतं, कारण हात चरचरतात, नाकात जातो. ते टेबल दरवर्षी शकुबाई आपणहून घ्यायची. “माह्या हाताले सवय आहे,” म्हणायची.

आणि मी कोण, तेही सांगतो. मी गुलाब रंगारी. चौतीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि अल्कली मोजण्यात घालवलेला माणूस. दरवर्षी चौकात उभा राहून बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणणारा. शकुबाईचा हात उमटला त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. खरं तर त्याआधीच, बाबांनी तंबाखूवाल्यांना नळावर पाठवलं तेव्हाच शंका आली होती.

मी बोललो नाही.

कारणं माझ्याजवळ तयार होती. सभेची घडी मोडायला नको. मी बौद्ध, उठून बोललो तर म्हणतील, आमच्या देवीत नाक खुपसतो. आणि दोन दिवसांत लोक विसरूनही जातील. घरी येऊन मी ललिताला, म्हणजे माझ्या बायकोला, बाबाची नक्कल करून दाखवली. आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि जेवायला बसलो. हे लिहिताना मला लाज वाटते.

बाबांनी त्या दिवशी उपाय सांगितला: दोषी व्यक्तीला मालापासून दूर ठेवा आणि शुद्धीच्या हवनासाठी अकरा डबे तूप कुम्हारीला पोचवा. तूप भांडारातूनच गेलं. या सगळ्यात आढावा राहून गेला आणि सभा तीन आठवडे तहकूब झाली. शकुबाईला समितीनं ‘थोडे दिवस आराम कर’ असा निरोप पाठवला. निरोप घेऊन अध्यक्ष जानराव बिसेन स्वतः गेले नाहीत, चपराशाला पाठवलं. जानराव वाईट माणूस नव्हे. आयुष्यभर क्रेन चालवली, निवृत्तीनंतर भांडारासाठी राबतो. पण रिकाम्या होत चाललेल्या फळ्या बघून तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कारण हवं असतं, मग ते कुणीही देवो.

अठरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, पीयूष माझ्या दारात आला. पीयूष म्हणजे शकुबाईचा जावई, दुर्गच्या पद्मनाभपुरात राहतो. त्याची बायको हर्षा पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे हुडकोत आली होती, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्यानं सांगितलं. सभेच्या दुसऱ्याच दिवशी शकुबाईनं हर्षाला सासरी परत पाठवलं होतं. ‘माह्या घरी बाळंत होऊ नको’ एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात, बुधवारी, तिकडेच मुलगी झाली. शकुबाई दवाखान्यात गेली नाही. बारशाला आली ती फाटकाबाहेर उभी राहिली, आणि पाळणा झाल्यावर तिथूनच परत गेली.

“काका, मम्मीनं बच्चीले अजून हात नाही लावला,” पीयूष म्हणाला. “हर्षा रोज रडते. आज मी समजवायला गेलो, तो देखा… घरात दोरीवर चिंध्या टांगल्या आहेत. पिवळ्या. सबपर लाल पंजा.”

मला क्षणभर कळेना. मग त्यानं उलगडून सांगितलं. शकुबाई रोज सकाळी दोष जावा म्हणून हात घासायची. आधी धुण्याच्या सोड्यानं, मग कपड्याच्या साबणाच्या वडीनं, कातडी सोलवटेपर्यंत. आणि तशाच ओल्या हातानं हळदीच्या चिंधीवर तळवा दाबून बघायची. चिंधी रोज लाल व्हायची. ती रोज पुन्हा घासायची.

पीयूषला चहा विचारायचंही मला सुचलं नाही. त्याच्याच गाडीवर बसून तिच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं नाही. दाराशी उभा राहून मी सोडा, हळद, अल्कली असं काय काय बोलत राहिलो. आतून उत्तर आलं, “तुमाले माही दया येऊन राहिली, गुलाबभाऊ. म्हणून सांगता. लांब राहा.” शिक्का दोनशे माणसांसमोर बसला होता. तो एकट्याच्या तोंडी समजुतीनं उतरणार नव्हता.

रविवारी तहकूब सभा भरली. या वेळी माणसं साठ-सत्तर. शकुबाई आली ती हर्षामुळे. ‘तू नाही गेलीस तर मी अठरा दिवसांची पोर घेऊन स्वतः सभेत जाईन’ असं लेकीनं फोनवर बजावलं होतं. शकुबाई दाराजवळ, सगळ्यांपासून दूर, दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली. पीयूष तिच्या शेजारी बसला.

मी भाषण केलं नाही. फळीवरचं हळदीचं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं, बादलीत कालवलं, घरून आणलेलं पांढरं फडकं त्यात बुडवून टेबलावर पसरलं. तोवर जानराव सवयीप्रमाणे डाव्या तळव्यावर तंबाखू आणि चुना मळून, चिमूट ओठाखाली ठेवून अध्यक्षस्थानी बसले होते. मी त्यांना म्हणालो, “अध्यक्षसाहेब, सुरुवात तुमच्यापासून करू. हात ठेवा.”

“मले कायची भीती,” म्हणत जानराव उठले आणि डावा तळवा फडक्यावर दाबला.

उचलला तेव्हा खाली लाल डाग होता, शकुबाईच्या पंजाइतकाच लाल. जानरावांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, “म्हणजे… माह्यात बी दोष आहे?”

“तुमच्या हातात चुना आहे,” मी म्हणालो.

मग सगळं नीट सांगितलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरोघरी कुंकू बनवायची जुनी कृतीही हीच. जे चुन्यानं होतं तेच सोड्यानं होतं, साबणानं होतं. कपड्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे तर प्रत्येक बाईनं पाहिलेलं. बाबा त्या दिवशी सकाळी टेबलांमधून आशीर्वाद देत हिंडले, कोण काय भरतं ते पाहून गेले. मग त्यांनी चुन्याचे हात धुवायला लावले आणि सोड्याचे धुऊ दिले नाहीत. देवीनं शकुबाईला निवडलं नव्हतं. आपण जे टेबल टाळतो ते तिनं घेतलं, म्हणून ती सापडली. कुम्हारीला शनिवारी जाऊन मी चौकशी करून आलो होतो. बाबा होण्याआधी या गृहस्थांचा तिथं कपडे धुण्याच्या साबणाचा छोटा कारखाना होता. तो बुडाला. सोडा आणि हळदीचं नातं त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. आता त्यांच्या तिथल्या मठाला कुलूप होतं आणि आमचं तूप कुठल्या गावाला गेलं ते कुणाला सांगता येईना.

मी लिंबू कापून जानरावांच्या लाल डागावर पिळलं. डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा झाला. पुढच्या रांगेतल्या दोघी जणी उठून जवळ आल्या. एकीनं त्यावर बोट फिरवून पाहिलं. मग ती मान खाली घालून जागेवर गेली. तिनंच ‘टोनही’ म्हटलं होतं की काय, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

शकुबाईला पीयूषनं हाताला धरून पुढं आणलं. तिचे तळवे पाहून पुढच्या रांगेतले लोक दुसरीकडे बघू लागले. भेगांतून कातडी सुटली होती. लिंबाच्या पाण्यात हात बुडवताना तिला झोंबलं असणार. साध्या पाण्यानं धुऊन तिनं हात फडक्यावर ठेवला, बराच वेळ ठेवला, मग उचलला. कापड पिवळं होतं. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा पिवळं.

वाटलं, आता ती रडेल, किंवा हसेल. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“गुलाबभाऊ, हे तुमाले आता कळलं, का त्या दिवशी माहीत होतं?”

खोटं बोलता आलं असतं. “त्याच दिवशी माहीत होतं,” मी म्हणालो.

“मंग बोलले कावून नाही?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. मी भ्यायलो, एवढंच म्हणू शकलो. तिनं मान हलवली, पदराला हात पुसले आणि पीयूषला म्हणाली, “चाल, पोरीले पाहू दे मले.” दोघं गाडीवर बसून दुर्गला गेले.

नंतर जानरावांनी आढावा वाचला. मध्ये दोनदा पाणी प्यायले. आढाव्यात गूढ काही नव्हतं. गोदामाचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं, आणि डाळीला बुरशी लागत होती. दुरुस्तीचा ठराव दोन वेळा पुढे ढकलला होता. आणि साडेतीनशे सभासदांपैकी बहुतेकांनी वर्षभरात स्वतःच्या भांडारातून मीठसुद्धा नेलं नव्हतं. मोबाईलवर बोट दाबून माल दारात मागवणारे हेच लोक कापडावर हात दाबून दोषी शोधायला रांगेत उभे होते. त्यात मीही होतो. भांडार कुणी खाल्लं, याचं उत्तर त्या हॉलमध्ये बसलं होतं आणि ते हळदीशिवाय वाचता येत होतं.

समितीनं शकुबाईला माफीचं पत्र लिहिलं, कामावर परत बोलावलं. ती आली नाही. भांडाराच्या समोरून जाते, कुणी हाक मारली तर थांबते, बरं आहे म्हणते. नात आता रांगू लागली आहे, असं पीयूषकडून कळतं.

वाचकहो, माझं मागणं साधं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर तो कशानं झाला ते विचारा. घरातल्या हळदीनं, चुन्यानं, लिंबानं स्वतः करून बघा. तोट्याचं कारण छपरात, गोदामात, आपल्या वागण्यात शोधा. कुणा बाईच्या तळहातावर शोधू नका. आणि ज्याला खरं माहीत आहे त्यानं त्याच वेळी, त्याच माणसांसमोर उठून सांगावं. त्या रविवारी मी जागेवरून उठून एक लिंबू मागितलं असतं, तर ती पोर पहिल्या दिवसापासून आजीच्या पायांवर न्हाली असती.