न खोडलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या शेदोनशे ओळी. नवीन पनवेलच्या एका इस्पितळात माझा मुक्काम असतो. मला रंग नाही, रूप नाही, त्यामुळे माझं कौतुक करायला कुणी फिरकत नाही.

माझ्यापुढे डिरेक्टरी सर्व्हर नावाचे एक बडे गृहस्थ बसतात. कुणाचं नाव, कुणाचा फोन, काहीही त्यांना विचारावं. रुबाब मोठा, पण रक्तदात्यांची माहिती त्यांच्याकडे नव्हतीच. ती होती रक्तपेढीच्या आशालताबाईंच्या संगणकातल्या जुन्या यादीत, आणि बाई ती यादी मोडायला तयार नव्हत्या. म्हणून संगणक विभागातल्या प्रभाकर सरांनी मला लिहिलं. सर्व्हरने विचारायचं, मी मागच्या मागे बाईंची यादी चाळून उत्तर द्यायचं आणि शेवटी शून्य लिहायचं. शून्य म्हणजे काम झालं. तीन आठवडे सर माझ्यामागे जेवणखाण विसरले होते. पहिलं उत्तर बरोबर आलं तेव्हा त्यांनी स्वतःचंही नाव यादीत घातलं. त्यांचा गट ओ निगेटिव्ह, सहसा न मिळणारा.

बाईंची एक पद्धत होती. दाता वारला तरी त्या नाव खोडत नसत, शेवटच्या रकान्यात फक्त 'कैलासवासी' लिहीत. रक्त दिलेल्या माणसावर काट मारायची नाही, असं त्यांनी सरांना बजावलं होतं. सरांनाही ते पटलं. कुणी नाव काढायला सांगितलं की मी तो एक शब्द लिहायचा आणि शून्य कळवायचं, असं त्यांनी ठरवलं. शोधताना ही नावं वगळण्याची ओळ मात्र उद्यावर टाकली. बाई सगळ्यांना ओळखत, त्या चुकून कुणा गेलेल्याला फोन करत नसत. त्यामुळे तो उद्या लांबतच गेला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्याच वर्षी कळंबोलीजवळ अपघात झाला आणि सर गेले. त्यांच्या हाताखालच्या रुचिराने रडत रडत त्यांचं नाव काढायला सांगितलं. मी त्यांच्या नावापुढे 'कैलासवासी' लिहिलं आणि शून्य कळवलं. आपण खोटं बोलतोय हे मला कुठे कळत होतं?

दोन वर्षांनी एका दुपारी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवं होतं. मी दोन नावं दिली. रक्तपेढीत नवीनच आलेल्या मनस्वीने पहिला नंबर लावला. तो फोन सरांच्या पत्नीने, सुमतीताईंनी, चालू ठेवला होता.

"ते आता नाहीत," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला लावा, वेळ घालवू नका. हा चौथा फोन आहे. मी तक्रार केली नाही, कारण असा फोन आला की वाटतं, अजून त्यांची कुणाला तरी गरज आहे."

दुसरं नाव जवळच्या नेरे गावातल्या कमळाकरचं. "मी हाय ना, निंगालोच," म्हणत तो शेतातून तसाच आला. बाळंतीण वाचली, पण थोडक्यात.

मनस्वीने सगळं सांगितल्यावर रुचिराने मला उघडलं. सरांनी तिथे लिहून ठेवलं होतं: 'गेलेल्यांना वगळणे, उद्या.' मग तिने ताईंना फोन करून माफी मागितली आणि हे फोन बंद करू का, असं विचारलं.

"बंद करा," ताई म्हणाल्या. "नाहीतर एखादी बाळंतीण हातची जायची."

रुचिराने राहिलेली ओळ सरांच्या ओळीखाली लिहिली. पाच मिनिटांचं काम होतं.

मित्रांनो, कुणाचं काम पुढे चालवायला घ्याल तेव्हा त्याने काय अर्धवट सोडलंय ते आधी वाचा. रुचिराने ते वाचलं असतं तर सुमतीताईंच्या वाट्याला ते चार फोन आले नसते. आता त्यांचा फोन वाजत नाही. मला ओ निगेटिव्ह विचारलं की मी एकच नाव देते. यादीत त्याच्या आधी सरांचं नाव लागतं. ज्यांनी मला बोलायला शिकवलं, त्यांचं नाव मी वाचते आणि न सांगता पुढे जाते.