कडेच्या खुर्चीवरचा ओला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. पाठ मागे पाडता येते, पाय लांब सोडता येतात, अशी. खरं म्हणजे पाडता येत होती, असं म्हणायला हवं, कारण माझी पाठ कधीचीच एका जागी अडकून बसली आहे. जाळी फाटली, एक पाय वाकडा झाला आणि आता मी या भंगारच्या आवारात बंद पंखे आणि गळक्या बादल्यांच्या संगतीत पडले आहे. आत्ताच तुमच्यातली ती दोन वेण्यांची मुलगी माझ्यावर स्वतःचा रुमाल पसरून पाणी प्यायला गेली. जाताना सगळ्यांना दम देऊन गेली, की ही जागा माझी आहे, मी येईपर्यंत कुणी बसायचं नाही. तिचा बाप तिकडे पाना शोधतो आहे. त्याला माझे नट काढायचे आहेत. पाना सापडेपर्यंत थोडा वेळ आहे, तेवढ्यात सांगून घेते.

आधी हे सांगते, की तुम्हाला बघून मला फार नवल वाटलं. मी आयुष्यभर माणसं अंगावर घेतली. जाडी, बारीक, तेल चोपडलेली, घोरणारी, भांडून तोंड फिरवून झोपलेली. पण लहान मूल म्हणाल तर एकही नाही. मी जिथे कामाला होते तिथे मुलांना येऊच देत नसत. त्यामुळे मूल म्हणजे काय हे मला लोकांच्या बोलण्यातूनच माहीत. इथे आले आणि तुम्ही तिघं-चौघं एकदम माझ्यावर उड्या मारायला लागलात, तेव्हा माझी उरलीसुरली हाडं खिळखिळी झाली. पण खरं सांगते, राग नाही आला.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून माझा सांगाडा केला आणि एका बाईने गुडघा टेकवून, दात-ओठ खात माझ्यावर पांढरी जाळी ताणून बसवली. शेवटी एक चांगला भरभक्कम तपासनीस यायचा आणि प्रत्येकीवर धपकन बसून उसळी मारायचा. जी मोडली नाही ती पास. मग आम्हाला एकीवर एक रचून ट्रकमध्ये भरलं आणि समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये नेऊन उतरवलं.

काय थाट होता तिथला! वाळूसुद्धा रोज सकाळी दाताळ्याने विंचरून ठेवायचे. पाहुणा आला की त्याच्या मनगटावर निळी पट्टी बांधायची. एकदा पट्टी बांधली, की खाणं, पिणं, बर्फ, फळं, पुन्हा खाणं, सगळं त्यातच आलं, कुणाला काही विचारायचं नाही. लोक पहिल्या दिवशी अधाशासारखे खायचे आणि तिसऱ्या दिवशी पोटावर हात ठेवून माझ्यावर कण्हत पडायचे. मला पोहण्याच्या तलावाच्या अगदी कडेला, छत्रीच्या सावलीत जागा मिळाली. शेजारी माझ्यासारखीच दुसरी, मध्ये छोटं टेबल. आम्ही दोघी म्हणजे जावा-जावाच. सगळ्यात मोक्याची जागा आमची. जाहिरातीच्या फोटोतसुद्धा मी आहे. माझ्यावर एक हॅट आणि एक पुस्तक ठेवलं होतं. पुस्तक अर्थातच कुणी वाचत नव्हतं.

या मोक्याच्या जागेसाठी रोज सकाळी जी पळापळ चालायची, ती बघून तुम्ही पोट धरून हसला असतात. चांगली मोठमोठी, पदावरची माणसं उजाडता उजाडता खाली यायची, खुर्चीवर टॉवेल टाकायची आणि परत जाऊन झोपायची. टॉवेल टाकला की जागा राखली. हे फार व्हायला लागलं, तेव्हा साहेबलोकांनी पाटी लावली: अर्धा तास खुर्ची रिकामी दिसली, तर टॉवेल उचलला जाईल. आणि उचलायचं काम आलं मामाकडे.

मामा म्हणजे आमचा टॉवेलवाला. सगळे त्याला मामाच म्हणायचे, साहेबसुद्धा. खांद्यावर टॉवेलांची चळत, चालताना चपलेचा फटक-फटक आवाज, आणि तोंडाने सतत काहीतरी पुटपुटणं. खुर्चीवरच्या टॉवेलला नुसता तळहात लावून तो सांगायचा. ओला असेल तर माणूस पाण्यात आहे, आत्ता येईल. कोरडा असेल तर माणूस अंथरुणात आहे, उचला खुशाल. घरी त्याला तीन मुलं होती. त्यांनी तो तलाव कधी पाहिला नव्हता आणि पाहणारही नव्हती.

अशाच एका हंगामात एक जोडपं आलं. चाळिशीच्या आतबाहेरचं. पहिल्या दिवशी दोघं खाली आली. ती खोलीतल्या सपाता घालूनच आली आणि माझ्यावर बसली. पाठ टेकलीच नाही तिने. नुसती काठावर बसून पाण्याकडे बघत राहिली. तो उगाचच बोलत होता, समुद्र कसा छान आहे, इथे सगळं कसं आयतं मिळतं, तुला काय आणू. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मुलं दिसली नाहीत की बरं वाटेल असं वाटलं होतं रे. पण इथे पाणी इतकं गप्प आहे, की मला तिचाच आवाज येतोय."

एवढं बोलून ती उठली आणि वर खोलीत निघून गेली. त्यानंतर खाली आली नाही.

बाकीचं मला त्याच्या फोनवरून कळलं. तो शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्या ताईशी बोलायचा. त्यांची मुलगी गेल्या वर्षी तापात गेली होती. शाळेत नुकतीच जायला लागली होती. तेव्हापासून बायकोला शेजारच्या मुलांचा दंगा सहन होईना, शाळेवरून जाता येईना, म्हणून त्याने शोधून शोधून मुलं नसलेली जागा काढली होती. आणखी एक गोष्ट होती. मुलगी गेल्यावर थोड्याच दिवसांत, बायको तासाभरासाठी डॉक्टरकडे गेली असताना, ताईने मुलीचा छोटा पलंग कुणाला तरी देऊन टाकला होता. खोली मोकळी केली की मनही मोकळं होईल, असं त्या बिचारीला वाटलं. "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही ताई," तो फोनवर म्हणाला, "पण ती अजून त्या खोलीत पाय ठेवत नाही."

त्याने काय केलं सांगू? रोज सकाळी त्या पळणाऱ्या लोकांच्याही आधी तो खाली यायचा. माझ्या शेजारणीवर आपला टॉवेल टाकायचा, माझ्यावर तिचा. माझ्या पायाशी तिच्या चपला ठेवायचा. नव्या होत्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, या सहलीसाठीच घेतलेल्या. दोन सरबतं आणायचा. एक स्वतः प्यायचा, दुसऱ्यातला बर्फ वितळून जायचा. दर थोड्या वेळाने वर जाऊन यायचा आणि परत येऊन बसायचा. एकदा मामा टॉवेल उचलायला आला, तर हा घाईघाईने म्हणाला, की ती येणार आहे, बरं नाही जरा, पण येणार आहे. आज नाही तर उद्या नक्की.

मामाने माझ्यावरच्या टॉवेलला तळहात लावला. कोरडा ठणठणीत. त्याने त्या चपलांकडे पाहिलं, सरबताकडे पाहिलं, आणि तलावात हात बुडवून माझ्या टॉवेलवर पाणी शिंपडलं. मग टॉवेल पायाकडे जरा चुरगळला, कुणी आत्ताच उठून गेलं असावं तसा.

तेव्हापासून दर अर्ध्या तासाला मामा यायचा आणि माझा टॉवेल भिजवायचा. ऊन असं कडक, की सावलीतही टॉवेल लगेच वाळायचा, आणि मामा पुन्हा हजर. त्याच्या नाकी नऊ यायचे, कारण दुसऱ्या टोकाला लोक टॉवेल-टॉवेल करून ओरडत असायचे. पण माझी पाळी त्याने चुकवली नाही. माझ्यावर कुणी बसत नव्हतं, तरी मी इतकी कामात कधीच नव्हते. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसली आस? पण मला लागली होती. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आली.

आणि मग त्यांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला. त्या सकाळी त्याचा चेहराच वेगळा होता. टॉवेल टाकले, चपला ठेवल्या आणि ताईला फोन लावला. "हो म्हणाली गं. स्वतःहून म्हणाली. आंघोळीला गेलीय. तिला घेऊनच येतो खाली."  फोन ठेवून तो मामाला म्हणाला, की दोन्ही जागांकडे लक्ष ठेवा, मी आलोच. मामा म्हणाला, "निर्धास्त जा. माझ्या डोळ्यांदेखत कुणी बसणार नाही."

तो गेला आणि आम्ही दोघी जावा पहिल्यांदाच इतका वेळ रिकाम्या पडलो. त्याला वेळ लागला. का लागला ते मला माहीत नाही. केस विंचरायला लागला असेल, दारातून पाऊल टाकायला लागला असेल. इकडे एक नवीन लग्न झालेलं जोडपं बराच वेळ जागा शोधत फिरत होतं. गोड होती दोघं, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी साहेबाला विचारलं, की या दोन खुर्च्या कुणाच्या? साहेबाला सकाळीच वरून तंबी मिळाली होती, की तलावाकाठी पाहुण्यांना बसायला जागा मिळत नाही. तो तरातरा आला. माझ्या टॉवेलला हात लावला, ओला लागला. मग त्याने वाकून चपला उचलल्या आणि उलट्या केल्या. तळव्याला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. एक पाऊल कुणी चाललेलं नव्हतं.

मामा धावत आला. "साहेब, आजचा दिवस राहू द्या. आज त्या खरंच येतायत."

"मामा, हेच तू मला मंगळवारी सांगितलंस," साहेब म्हणाला. रागावूनही म्हणाला नाही, दमलेला होता तो. "उचल आता. नाहीतर उद्या आपल्या दोघांनाही बोलणी खावी लागतील."

मामाने साहेबाच्या हातातल्या चपला घेतल्या. मग त्याने माझ्यावरचा टॉवेल उचलला. घडी घालायला लागला, पण त्याला घडी जमेना. नवी नवरी माझ्यावर आडवी झाली आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून तिने सुस्कारा टाकला.

तेवढ्यात ती दोघं जिना उतरून आली. तिने त्याचा हात घट्ट धरला होता. पायात काही नव्हतं. चपला खाली तुझ्या जागेपाशीच आहेत असं त्याने सांगितलं असणार, म्हणून ती तापलेल्या फरशीवरून अनवाणी, पाय चटचट उचलत चालत होती. चालता चालता तिच्या तोंडावर थोडंसं हसू आलं होतं. मी शपथेवर सांगते, आलं होतं. मग तिने मला पाहिलं. माझ्यावर झोपलेल्या त्या परक्या मुलीला पाहिलं. माझ्या पायाशी चपला नव्हत्या, त्या मामाच्या हातात होत्या.

ती उभीच राहिली. तो काकुळतीला येऊन मामाकडे बघत होता आणि मामा जमिनीकडे. ती अगदी हळू बोलली. "तिचा पलंग उचलला, तेव्हाही मी तासाभरातच परत आले होते."

तिने त्याचा हात सोडला आणि आली तशी अनवाणी परत गेली. नवी नवरी धडपडत उठली, बसा ना, आम्हाला माहीत नव्हतं, म्हणाली. मामा चपला घेऊन जिन्यापर्यंत धावला. पण ती वर पोहोचली होती. नवरा तिथेच माझ्याजवळ उभा होता. बसला नाही, रडला नाही. माझ्या पाठीवर त्याने एकदा हात ठेवला आणि काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी त्यांच्या निळ्या पट्ट्या कात्रीने कापल्या, तेव्हा दोघं दोन बाजूंना तोंड करून उभी होती, असं सामानवाल्याने मामाला सांगितलं.

चपला तिने नेल्या नाहीत. मामाने त्या टॉवेलच्या कपाटात जपून ठेवल्या, पुढे हंगाम संपल्यावर कपाट साफ करणाऱ्यांनी फेकून दिल्या. आणि मामा? मामा त्या संध्याकाळी, सगळे जेवायला गेल्यावर, पहिल्यांदा माझ्यावर बसला. नोकरांना बसायची सक्त मनाई होती. काठावरच बसला, तिच्यासारखा. त्यानंतर त्याने कधी कुणाचा टॉवेल भिजवला नाही. वेळ झाली की उचलायचा, तोंड न उघडता. पुटपुटणंही बंद झालं त्याचं.

माझं पुढचं काय सांगायचं? जाळी पिवळी पडली, तेलाचे डाग बसले, फोटोत दुसरीच कुणीतरी आली. एका जाड्या पाहुण्याखाली माझा पाय वाकला, लोक हसले. मग धुलाईखान्यामागे पावसात पडून राहिले आणि तिथून इथे आले. शेजारणीचं काय झालं ते कुणीच सांगितलं नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही म्हणायचं असतं, की वस्तू जपून वापरा. वापरा बापडे. पण माझं मागणं दुसरंच आहे. कुणी एखाद्या जागेवर काही ठेवून गेलं असेल, रुमाल, टॉवेल, चपला, काहीही, तर उचलण्याआधी एक हाक मारा. आणखी जरा थांबा. येणाऱ्या माणसाला जिना उतरायला किती वेळ लागेल, हे खाली बसून कळत नाही. मी हे सांगून काही होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी तिथे सगळीच माणसं चांगली होती.

तो बघा, पाना सापडला वाटतं. आलाच तो. त्याने माझ्यावरचा रुमाल उचलला, झटकला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. त्याची मुलगी अजून तिकडे पाणी पितेय.