कात्रीच्या तीन कोऱ्या धारा

मी कात्री बोलतेय. शिंप्याची नव्हे हो! माझं वजन अडीच टन. पोकलेनची बकेट काढून तिच्या जागी मला लावतात आणि लोखंडी तुळया मी काकडीसारख्या तोडते. म्हणजे, तोडायचे. दोन महिने झाले, या बंद कारखान्याच्या कुंपणाशी गवतात पडून आहे. तोंडात पत्र्याची घडी अडकलीय. धड उघडता येत नाही, धड मिटता येत नाही. कुणाला काय सांगणार, कपाळ!

मला इथे आणलं ते दाजींमुळे. दाजी म्हणजे गॅस कटरवाले. ते पोकलेनच्या ऑपरेटरच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ऑपरेटर त्यांना दाजी म्हणतो, म्हणून अख्खी साइट दाजी म्हणते, मुकादमसुद्धा. माझ्याआधी कारखाना पाडायचा म्हणजे दाजींनी कमरेला पट्टा बांधून तीस फूट वर चढायचं आणि गॅसच्या ज्योतीने तुळया कापायच्या. एकदा कापलेली तुळई उसळली आणि त्यांचा खांदा निखळला.

मी आले त्याच दिवशी त्यांची बायको डबा घेऊन आली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भावाला विचारलं, "दादा, आता हे वर चढणार नाहीत ना?"

"नाही गं. ही वर कापेल, दाजी खाली बसून तुकडे करतील."

"शब्द दे."

"दिला."

खरं सांगते, मला भरून आलं. भट्टीतून निघाल्यापासून माझ्याकडे असं आशेने कुणी बघितलं नव्हतं.

मला जोडायला आलेल्या फिटरने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. माझ्या प्रत्येक पात्याला चार धारा. एक बोथट झाली की बोल्ट सोडायचे, पातं फिरवायचं, दुसरी धार पुढे आणायची. मग वरच्या-खालच्या पात्यांमधली फट मोजायची, वाढली असेल तर मागे पातळ पट्टी घालायची. दोन तासांचं काम. ऑपरेटरने लगेच पांढऱ्या रंगाने धारांवर आकडे घातले, १, २, ३, ४. मुकादम तेवढा वेळ फोनवर "हो हो, येतोय" करत होता.

पहिले काही आठवडे काय दिवस होते ते! आधी छप्पर, मग तुळया, शेवटी खांब, असं वरून खाली आम्ही उतरत होतो. दाजी खाली स्टुलावर बसून तुकडे करायचे आणि मेव्हण्याची टिंगल करायचे, "दादा, हळू. कात्री माझ्यापेक्षा जोरात चालवलीत तर माझी नोकरी जाईल."

मग माझी पहिली धार गोल झाली. ऑपरेटर मुकादमाकडे गेला. "पाती फिरवायला हवीत."

"कापतेय ना?"

"कापत नाही, चावतेय."

"मग चावू दे. रविवारी बघू."

असे सहा रविवार गेले! मी करकरायला लागले तर मला ग्रीस फासलं. आवाज झाला की ग्रीस, हे या माणसांचं एकच औषध. अरे, मी ओरडतेय कशासाठी, ते तरी बघा!

एके दिवशी सकाळी मी तुळई पकडली, तिच्यासोबत छपराचा पातळ पत्रा आला. धार बोथट, फट बोटभर. पत्रा कापला जाण्याऐवजी दुमडून फटीत घुसला आणि माझा जबडा तुळईवर जाम झाला. ऑपरेटरने सगळं करून पाहिलं. मी हलेना.

मुकादम म्हणाला, "दाजीला वर चढव. तुळई कापून टाक, कात्री सुटेल."

ऑपरेटर केबिनमधून खाली उतरला आणि शिडीसमोर उभा राहिला. "तुळईवर ताण आहे. कापली की उसळणार. दुसरं मशीन मागवा, तिला आधार देऊ, मग बघू."

"ते परवा येईल. काय दाजी, घाबरलास?"

हे एवढंच बोलायचा अवकाश! दाजी हसले, म्हणाले, "दादा, पाच मिनिटांचं काम आहे हो," आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूने चढलेसुद्धा.

मला वाटत होतं, तुळई घट्ट धरून ठेवावी. पण ज्योत पार गेली आणि ती उसळलीच. दाजींच्या छातीपासून वीतभर अंतरावरून गेली. हेल्मेट उडालं आणि ते पट्ट्याला लोंबकळत राहिले. ऑपरेटरने शिडी चढून त्यांना खाली उतरवलं.

आणि मुकादम काय म्हणाला, माहितीये? "बघ, झालं की नाही! ही कात्रीच बेकार आहे. काढून ठेवा. दाजी आहे ना."

माणूस वाचला, म्हणून त्यालाच रोज वर धाडायचं! याला काय म्हणावं? ऑपरेटर भांडला, हातापाया पडला, शेवटी त्याने मला पोकलेनला जोडणाऱ्या पिना काढल्या. दुसऱ्या दिवसापासून दाजी पुन्हा वर.

त्यांची बायको अजून डबा घेऊन येते. पूर्वी आल्या आल्या "दादा" म्हणून हाक मारायची. आता त्याच्याकडे बघतही नाही. माझ्यापाशी थांबते, वर बघते, आणि नवरा खाली उतरेपर्यंत डबा हातातून खाली ठेवत नाही.

माझ्यावर राग धरू नकोस गं बाई. मी बेकार नाही. कुणीतरी पाना आणा, हा पत्रा काढा, बोल्ट सोडा. आत धार नंबर दोन आहे, तिच्यावरचा पांढरा आकडासुद्धा पुसलेला नाही. तीनही तशीच आहे. चारही. दोन तासांचं काम आहे हो, फक्त दोन तासांचं!